गाडीत वूफर बसवताय? कमी बजेटमध्ये या चुका टाळा

मे महिन्यातली दुपार होती. जळगावहून धुळ्याला निघालो होतो आणि पारोळ्याच्या अलीकडे गाण्यातला बेस एकदम गेला. दारांतले स्पीकर वाजत होते, डिकीतला १२ इंची वूफर, म्हणजे बेस वाजवणारा मोठा स्पीकर, मात्र गप्प. गाडी कडेला घेऊन डिकी उघडली. अ‍ॅम्पला (वूफरला पॉवर देणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला) हात लाववत नव्हता, त्यावर लाल दिवा लागलेला. बॉनेट उचललं तर बॅटरीजवळच्या फ्यूज होल्डरचं प्लास्टिक एका बाजूने मऊ पडून वाकलं होतं. सगळं बसवून जेमतेम दीड महिना झाला होता. १५ हजारांतला बहुतेक पैसा मी खोक्यावर छापलेल्या ‘१३०० वॉट’ या आकड्यापायी घालवला होता, आणि वायर दुकानात जी होती ती टाकून घेतली होती.

त्यानंतर नात्यातल्या नि मित्रांच्या बऱ्याच गाड्यांचं काम हाताखालून गेलं. चुका त्याच त्या दिसतात. आपल्याकडची पोरं हळदीपासून वरातीपर्यंत डीजेवर अहिराणी गाणी ऐकत मोठी होतात, तोच दणका गाडीत हवा असतो. १०-१५ हजारांत तो चांगला मिळतो. पण त्यातले निदान ४ हजार वायर, पेटी आणि डॅम्पिंग शीटसाठी (पत्र्याची खडखड थांबवणारी शीट) आधी बाजूला काढा आणि उरलेल्या पैशांत वूफर-अ‍ॅम्प बघा. हा क्रम उलटा झाला की पुढचं सगळं बिघडतं.

छापील वॉटवर जाऊ नका, फ्यूज बघा

खोक्यावरचा मोठा आकडा ‘पीक’ किंवा ‘मॅक्स’चा असतो. सलग किती पॉवर मिळते ते आरएमएस सांगतो, आणि तो बारीक अक्षरात असतो किंवा नसतोच. दुकानात उभ्या उभ्या खरं-खोटं करायची एक सोपी रीत आहे. अ‍ॅम्पला बाहेरून लावलेला फ्यूज बघा. समजा ३० अँपिअरचा एक फ्यूज आहे. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४ व्होल्ट असतात, म्हणजे आत जाणारी पॉवर झाली ४२० वॉट. डी क्लास अ‍ॅम्प असेल तर त्यातले ८० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सव्वातीनशे वॉट वूफरला मिळतील. एबी क्लास असेल तर निम्म्याहून थोडे जास्त, बाकीची उष्णता. अशा अ‍ॅम्पवर २००० वॉट लिहिलं असेल तर तो खाली ठेवा आणि दुसरा मागा.

शिवाय वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला ‘दुप्पट’ वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. त्यामुळे २५० आणि ३०० आरएमएसमध्ये अडकून पडू नका. त्यापेक्षा वूफरची सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच वॉटमध्ये तो किती मोठा वाजतो) बघा, आणि अ‍ॅम्पशी ओहम (विजेला होणारा अडथळा) जुळतोय का ते बघा. ४ ओहमच्या दोन कॉइल (आतल्या तारांच्या गुंडाळ्या) असलेला वूफर समांतर जोडला की २ ओहम होतो, एकामागे एक जोडला की ८. अ‍ॅम्प २ ओहमला चालत नसेल आणि जोडणाऱ्याने तारा समांतर केल्या, तर अ‍ॅम्प प्रोटेक्टमध्ये जात (स्वतःला बंद करत) राहतो आणि शेवटी जळतो.

वायर: सर्वात जास्त घात इथे होतो

हे शेतकऱ्याच्या घरात समजावून सांगावं लागत नाही. रावेर-यावलकडे केळीच्या बागेत बोअरच्या मोटरला लांबून बारीक केबल ओढली की व्होल्टेज बसतं, मोटर तापते आणि एक दिवस वाइंडिंग जातं. गाडीत तेच होतं, उलट जास्त होतं. इथे व्होल्टेज जेमतेम १२-१४ आहे, त्यातला एक व्होल्ट वायरीत गेला तरी मोठा फटका.

माझ्या गाडीतली ती वायर मी नंतर काढून कापली. वरून जाडजूड, लाल, बोटभर. आवरण सोललं तर आत तारांचा झुपका निम्म्या जाडीचा, बाकी सगळं प्लास्टिक. एक तार ब्लेडने खरवडली. तांबूस रंग निघाला आणि खालून पांढरी चकचकीत धातू दिसली. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. तेवढ्याच जाडीच्या शुद्ध तांब्याच्या साधारण दोन-तृतीयांश क्षमतेनेच ती वीज वाहते. विकत घेण्याआधी दुकानदाराला विचारून ही खरवडायची परीक्षा तुम्हीही करा, दहा सेकंद लागतात.

३०० वॉट आरएमएसपर्यंत ८ गेजची, ५०० च्या आसपास ४ गेजची तांब्याची वायर हवी (गेजचा आकडा लहान, तितकी वायर जाड). गेज लिहिलेल्या पण हलक्या वायरीवर विश्वास नसेल तर इलेक्ट्रिकच्या दुकानातून चौरस मिलिमीटरच्या मापात लवचीक तांब्याची केबल घ्या: ८ गेज म्हणजे सुमारे ८ चौरस मिमी, ४ गेज म्हणजे सुमारे २१. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत असलाच पाहिजे. हा फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. वायर कुठे घासून पत्र्याला टेकली आणि मधे फ्यूज नसला तर गाडी पेटते. इंजिनकडून केबिनमध्ये वायर आणताना पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट (वायर घासू न देणारी कडी) बसवलाय का, हे स्वतः डोळ्यांनी पाहा. यात कोणावर भरवसा टाकू नका.

अर्थिंगकडे तर कोणी बघतच नाही. अर्थची वायर बॅटरीकडून येणाऱ्या लाल वायरीइतकीच जाड, अर्ध्या मीटरहून लहान, आणि रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट बोल्ट केलेली हवी. सीट बेल्टच्या बोल्टला ती बांधू नका. तो बोल्ट जीव वाचवायला आहे. बेसच्या ठोक्याला हेडलाइट मंद होतात, अशी तक्रार आली की लोक कपॅसिटर (वीज साठवून ठोक्याला देणारा भाग) घ्यायला धावतात. आधी अर्थ आणि बॅटरीचे टर्मिनल घासून बघा.

पेटी आणि जागा

वूफरची पेटी सुतारकाम समजून सोडून देतात, पण बेसचा स्वभाव तिथेच ठरतो. छोटी पेटी, खोलवरचा बेस आणि कमी पॉवरमध्ये मोठा आवाज, या तिन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत, दोनच निवडाव्या लागतात. बंद पेटी लहान असते, तिचा ठोका नेमका येतो. पोर्टवाली (हवेसाठी भोक ठेवलेली) मोठी असते, कमी पॉवरमध्ये जास्त वाजते, पण तिचं माप चुकलं तर नुसती गुंगगुंग ऐकू येते. १० इंची वूफरला बंद पेटी साधारण २० लिटरच्या आसपास लागते, १२ इंचीला ३० ते ३५. नेमका आकडा वूफरच्या कागदावर असतो, तोच सुताराला द्या. १८ मिमीचा एमडीएफ, सांध्यांना गोंद आणि स्क्रू दोन्ही, आतून सिलिकॉनची रेघ. सिलिकॉन दिवसभर वाळू द्या, मगच वूफर लावा. बंद पेटी झाली की वूफरचा कोन दोन्ही हातांनी हलकेच दाबून सोडा. तो सावकाश वर आला तर पेटी हवाबंद आहे. लगेच उसळला तर कुठून तरी हवा जातेय.

सीएनजी गाडी असेल तर १२ इंचीचा नाद सोडा. टाकीने डिकी आधीच खाल्लेली असते आणि टाकीच्या, तिच्या पाइपच्या आसपास ड्रिल चालवणं म्हणजे जिवाशी खेळ. सीटखाली बसणारा ८ इंची अ‍ॅक्टिव्ह वूफर घ्या. अ‍ॅम्प त्यातच असतो. दणका कमी मिळेल, पण गाणं भरून येतं आणि सामानाची जागा राहते. घरच्या गाडीला मी हल्ली हाच सुचवतो.

आता आपल्या उन्हाचं. जळगाव-भुसावळात मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, उभ्या गाडीत त्याहून किती तरी जास्त. अशा वेळी अ‍ॅम्प मॅटिंगखाली किंवा पेटीच्या मागे कोंबला तर तो तापून स्वतःला बंद करणारच. त्याच्या चारही बाजूंनी दोन-तीन बोटं मोकळी ठेवा. धूळही बसते, सहा महिन्यांनी ब्लोअर मारा.

गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे

बसवणारा माणूस ग्राहक खूश व्हावा म्हणून गेन आणि बेस बूस्ट पूर्ण फिरवून देतो. पहिल्या दिवशी भारी वाटतं. आवाज फाटू लागला की कॉइल तापते आणि काही आठवड्यांत वूफरमधून जळका वास येतो. गेनचं काम स्टिरिओ आणि अ‍ॅम्पची पातळी जुळवणं एवढंच. बेस बूस्ट शून्यावर ठेवा, स्टिरिओचा आवाज पाऊणपर्यंत न्या, वूफरच्या तारा काढा आणि ५० हर्ट्झचा टेस्ट टोन लावून अ‍ॅम्पच्या आउटपुटला मल्टिमीटर एसी व्होल्टवर धरा. वॉट आणि ओहम यांचा गुणाकार करून त्याचं वर्गमूळ काढा: २५० वॉट, ४ ओहम असतील तर गुणाकार १००० आणि वर्गमूळ ३१.६. मीटरवर ३१-३२ व्होल्ट आले की गेन तिथेच थांबवा. लो पास फिल्टर (वूफरकडे फक्त खालचे सूर जाऊ देणारा) ८० हर्ट्झच्या आसपास, आणि स्टिरिओत सोय असेल तर दारांतल्या स्पीकरना त्याच आकड्यावर हाय पास (फक्त वरचे सूर जाऊ देणारा). त्या छोट्या स्पीकरवरचा भार गेला की गाणं लगेच मोकळं होतं.

बसवल्यावर अडचण आली तर

अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर स्पीकरमधून शिट्टी वाढत गेली तर अर्थ ढिला आहे किंवा आरसीए वायर (स्टिरिओकडून अ‍ॅम्पकडे गाणं नेणारी) लाल वायरीला चिकटून आणली आहे. दोन्ही गाडीच्या वेगवेगळ्या बाजूंनी न्या. सकाळी बॅटरी बसलेली मिळाली तर रिमोटची वायर (अ‍ॅम्पला चालू-बंद करणारी) थेट बॅटरीच्या लाइनवर जोडलेली असू शकते. गाडी बंद केल्यावर अ‍ॅम्पचा दिवा विझतो का ते पाहा. लग्नात गाडी बंद ठेवून तासन्‌तास गाणी वाजवू नका, छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरच्या आसपास असते. डिकीचा पत्रा आणि नंबर प्लेट खडखडत असेल तर प्लेटमागे फोमची टेप आणि डिकीच्या झाकणाला आतून ब्युटाइलची डॅम्पिंग शीट लावा.

बेस कमीच वाटत असेल तर मात्र नवीन काही विकत घेण्याआधी एक स्विच फिरवा. अमळनेरचा माझा आतेभाऊ सगळं नीट बसवूनही नाराज होता. ‘‘भाऊ, आवाज मोठा शे, पन बेस कोठे शे?’’ डिकीजवळ उभं राहिलं की छाती हलत होती, ड्रायव्हरच्या सीटवर काहीच नाही. वूफर आणि पुढच्या स्पीकरच्या लाटा सीटपाशी एकमेकींना खात होत्या. त्याला सीटवर बसवलं, गाणं चालू ठेवलं आणि मागे जाऊन अ‍ॅम्पवरचा फेजचा (वूफरची लाट उलटी करणारा) स्विच ० वरून १८० वर सरकवला. परत पुढे आलो तेव्हा त्याने आवाज दोन घरं कमी केला होता.