लोकलने मळवलीला उतरा आणि इंद्रायणीच्या खोऱ्यात चाला

पुण्यातल्या बऱ्याच जणांचं मावळ म्हणजे गाडी काढायची, हायवेला ट्रॅफिकमध्ये बसायचं, भुशी डॅमला भजी खायची आणि अंधार पडल्यावर वैतागून परत. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण पुणे-लोणावळा लोकल तळेगावच्या पुढे सरळ इंद्रायणीच्या खोऱ्यातूनच जाते, तिकीट अगदी स्वस्त आहे, आणि स्टेशनातून बाहेर पडलं की पाच मिनिटांत तुम्ही शेतात असता. पार्किंग शोधायचं नाही, आणि गाडीपाशीच परत यायला पाहिजे असंही नाही.

आधी खोरं समजून घ्या म्हणजे रस्ता चुकणार नाही. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या बाजूला उगम पावते, तिथून पूर्वेला कार्ला, कामशेत, तळेगावच्या बाजूने देहू, मग आळंदी, आणि पुढे तुळापूरला भीमेला मिळते. मळवलीच्या आसपास नदीच्या दक्षिणेला भाजे गाव, लोहगड आणि विसापूर हे किल्ले आणि उत्तरेला कार्ल्याचा डोंगर. मध्ये सपाट भातखाचरं, रेल्वे, जुना हायवे आणि एक्सप्रेसवे, सगळं एकाच पट्ट्यात. नदी डाव्या हाताला का उजव्या हाताला एवढं जरी डोक्यात ठेवलं तरी पुरतं.

पहिल्यांदा जाणार असाल तर मळवलीच धरा. पुण्याहून येताना लोणावळ्याच्या अलीकडचं स्टेशन. मुंबईकरांनी लोणावळ्यापर्यंत एक्सप्रेसने यायचं आणि तिथून पुण्याकडे जाणारी लोकल धरायची, पहिलंच स्टेशन मळवली. सकाळची पहिली-दुसरी लोकल घ्या. दुपारी लोकल विरळ असतात म्हणून परतीच्या गाड्यांच्या वेळा निघतानाच बघून ठेवा, नाहीतर फलाटावर ताटकळत बसावं लागतं.

स्टेशनवरून दक्षिणेकडे निघायचं, एक्सप्रेसवे पुलावरून ओलांडायचा, की भाजे गाव. अर्ध्या-पाऊण तासाची निवांत चाल आहे. गावातून पायऱ्या चढून लेण्यांवर जा, आणि घाईघाईत फोटो काढून खाली येऊ नका प्लीज. इथे २२ लेणी आहेत, सर्वात जुनं काम इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं, म्हणजे देशातल्या अगदी जुन्या कोरीव लेण्यांपैकी. चैत्यगृहात, म्हणजे बौद्ध प्रार्थनेच्या दालनात, उभं राहून अष्टकोनी खांब नीट बघा, ते सरळ उभे नाहीत, वरच्या बाजूला आत कललेले आहेत. लाकडी बांधकामात खांब असे तिरके दिले तर वरचं छत बाहेर रेटत नाही, आणि दगडात त्याची काहीच गरज नसताना कारागिरांनी हातातली सवय तशीच कोरून ठेवलीय. पुढे दक्षिणेला गेलं की १४ स्तूपांचा घोळका दिसतो, काही कातळाखाली, काही उघड्यावर. बहुतेक लोक तिथपर्यंत जातच नाहीत.

भाज्यातून पुढे चढ लागतो तो गायमुख खिंडीपर्यंत. ही लोहगड आणि विसापूरच्या मधली खिंड, इथे ठरवायचं, उजवीकडे लोहगड, डावीकडे विसापूर. घरच्यांबरोबर असाल, आई-बाबा किंवा मुलं असतील तर लोहगड, कारण पायथ्याच्या लोहगडवाडीपासून वरपर्यंत पायऱ्या आहेत आणि गणेश, नारायण, हनुमान, महादरवाजा असे एकामागोमाग चार दरवाजे लागतात, मुलांना ते फार आवडतं. वर विंचूकाट्याकडे, म्हणजे गडाच्या लांब चिंचोळ्या सोंडेकडे गेलात तर पलीकडे पवना धरणाचं पाणी दिसतं, म्हणजे एका बाजूला इंद्रायणीचं खोरं, दुसऱ्या बाजूला पवनेचं, आणि तुम्ही मधल्या भिंतीवर. स्टेशनपासून लोहगडाचा माथा धीम्या चालीने अडीच-तीन तास धरा, लेण्यांचा वेळ वेगळा. २०२५ मध्ये लोहगड युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला, त्यामुळे गर्दी वाढणारच. जुलैच्या रविवारी दरवाजात माणसाला माणूस चिकटतो, तेव्हा मधला वार जमत असेल तर मधल्याच वारी जा. लोहगडवाडीत पिठलं-भाकरी मिळते, वर जाताना सांगून ठेवलं तर उतरताना गरम मिळते.

विसापूर लोहगडापेक्षा उंच आणि बराच मोकळा, पण पावसाळ्यात त्याच्या घळीतून ओढाच वाहतो आणि दगडांवर शेवाळ असतं, सोल झिजलेले स्पोर्ट्स शूज घालून तिथे अजिबात जाऊ नका. उतरायला पाटण गावाकडची वाट आहे, तिथून पुन्हा मळवली स्टेशन. ही वाट माहितगार कोणी बरोबर असेल तरच, धुक्यात वाट दिसत नाही.

डोंगर नकोच असेल तर मळवलीहून उत्तरेला चाला. इंद्रायणीचा पूल ओलांडून कार्ला गाव, मग जुना हायवे, मग वेहेरगावातून पायऱ्यांनी एकवीरा आई आणि कार्ल्याची लेणी. थोडा भाग डांबरी रस्ता आहे, गाड्या जोरात येतात, उजव्या बाजूने, समोरून येणारी गाडी दिसेल असं चाला. कार्ल्याचं चैत्यगृह भारतातलं सर्वात मोठं कोरीव चैत्यगृह, आणि छताच्या लाकडी फासळ्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या मूळच्या आहेत. सकाळी भाजे आणि दुपारी कार्ला असं एका दिवसात दोन्ही काठ होतात, चालायची सवय असेल तर. दोन्हीकडे पुरातत्त्व खात्याचं तिकीट आहे आणि संध्याकाळी बंद होतं, तेव्हा कार्ल्याला फार उशिरा पोचू नका. चैत्रात एकवीरेची यात्रा असते, कोळी बांधव पालख्या घेऊन येतात, ते बघायचं असेल तर जरूर जा पण शांत चालीसाठी ते दिवस टाळा.

अर्धाच दिवस असेल तर बेगडेवाडीला उतरून घोरावडेश्वराचा डोंगर, छोटा चढ, वर लेण्यात महादेव. किंवा देहूहून इंदोरीच्या बाजूने नदी ओलांडून भंडारा डोंगर, तुकोबाराय जिथे एकांतात नामस्मरणाला जायचे तो. ही दुसरी चाल थंडीतच करा, झाड कमी आणि ऊन फार.

आता पाण्याबद्दल, आणि हे मनापासून सांगतोय. इंद्रायणी बघायला सुंदर आहे म्हणून तिच्यात उतरायचं नाही. जून २०२४ मध्ये भुशी डॅमच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली माणसं वाहून गेली, जून २०२५ मध्ये तळेगावजवळ कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांसकट कोसळला. वर घाटात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही पाणी चढतं. पावसाळ्यात प्रशासन बऱ्याचदा बंदीचे आदेश काढतं, निघायच्या आदल्या दिवशी बातम्या बघा, आणि बंदी असेल तर त्या दिवशी दुसरीकडे जा. देहू-आळंदीच्या बाजूला तर नदीत सांडपाणी येतं, आळंदीला पाण्यावर फेस तरंगताना सगळ्यांनी पाहिलाय, तेव्हा तिथे हात-तोंडही धुवू नका. प्यायचं पाणी माणशी किमान दोन लिटर घरून न्या.

कधी जायचं म्हणाल तर सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर. पठारावर सोनकीचा पिवळा सडा असतो, ओढे अजून वाहत असतात आणि खाली भात पिकायला आलेला असतो. आपण जो इंद्रायणी तांदूळ खातो तो वाण इथल्याच वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झाला, आणि या खाचरांमधून चालताना तो वास येतो. म्हणूनच बांधांवरून जाताना जपून. बांध मातीचा असतो, चार-पाच जणांनी एकाच जागी पाय दिले की तो फुटतो आणि खाचरातलं पाणी निघून जातं, जुलै-ऑगस्टमध्ये तर शेतकऱ्याची अख्खी लावणी वाया जाते. वाट बांधावरूनच असेल तर एकामागे एक चाला, आणि शेतात कोणी काम करत असेल तर आधी हाक मारून विचारा, "दादा, इकडून गेलं तर चालेल का?" बहुतेक वेळा हो म्हणतात आणि जवळची वाटही दाखवतात.