सर्व्हिस सेंटर लांब असलेला ट्रॅक्टर घ्यायचा तर कसा घ्यावा

सांवेरकडे आमची थोडी जमीन, राहणं इंदुरात. काही वर्षांपूर्वी आम्ही असा ट्रॅक्टर घेतला की जो गावात दुसऱ्या कोणाकडेच नव्हता. त्याच ताकदीच्या नेहमीच्या ट्रॅक्टरपेक्षा बराच स्वस्त, ब्रेक तेलातले, मागची अवजारं उचलणारी लिफ्ट दणकट. दोन हंगाम तक्रारीला जागा नव्हती. तिसऱ्या ऑक्टोबरात सोयाबीन निघालं, बटाट्याचं रान बतरवर आलं (वापसा म्हणा, पण माळव्यात आमच्याही तोंडी बतरच बसलंय) आणि लिफ्ट खाली बसली ती उठेचना. हायड्रॉलिक पंपातलं एक सील गेलं होतं. खिशात मावेल एवढी वस्तू. ती यायला अकरा दिवस लागले, आणि आमची काळी माती एवढे दिवस कोणासाठी थांबत नाही.

तो ट्रॅक्टर अजून आमच्याकडेच आहे आणि चांगला चालतो. चूक क्रमाची झाली. आम्ही आधी ट्रॅक्टर घेतला, मग मिस्त्री शोधला, मग पार्ट कुठून येतात ते विचारलं. तुम्ही हे उलट्या बाजूने करा.

१. शोरूमच्या आधी मिस्त्रीकडे जा

तुमच्या गावचे ट्रॅक्टर ज्याच्याकडे उघडतात त्या मिस्त्रीला मॉडेलचं नाव सांगा आणि एकच विचारा: हे इंजिन आणि हा गिअरबॉक्स तू आधी कधी उघडलायस का? "सगळे सारखेच असतात" असं उत्तर आलं तर सावध व्हा. इंजिन बऱ्यापैकी सारखी असतात. हायड्रॉलिक आणि गिअरबॉक्स प्रत्येकाचे वेगळे, आणि त्यांना लागणारे पुलर, खास पाने गल्लीत मिळत नाहीत.

मग त्याच ब्रँडचा निदान तीन वर्षं जुना ट्रॅक्टर असलेला शेतकरी शोधा. डीलरने दिलेल्या नंबरावर थांबू नका, तो खूश गिऱ्हाइकाचाच नंबर देणार. देपालपूर, बेटमा, देवासकडे, जिथे सापडेल तिथे जा, चहा घ्या आणि "ट्रॅक्टर कसा आहे" हे विचारूच नका. आपला ट्रॅक्टर कोणी वाईट म्हणत नाही. "शेवटचा उभा राहिला तेव्हा किती दिवस उभा होता आणि कशासाठी" हे विचारा. खरं काय ते तिथे कळतं.

२. काउंटरवर पाच पार्ट मागा

ही परीक्षा मी आता प्रत्येकाला करायला सांगतो. डीलरच्या पार्टच्या काउंटरवर जा आणि त्या मॉडेलचे पाच पार्ट मागा: डिझेल फिल्टर, क्लच प्लेट, पुढच्या हबचं ऑइल सील, हायड्रॉलिक पंपाचं सील किट, आणि सेल्फ (स्टार्टर). किंमत नको, वस्तू दाखवा म्हणा. फिल्टर सगळ्यांकडे असतो. सील किटला माणूस आत जाऊन रिकाम्या हाताने आला आणि "मागवलं की दोन दिवसांत येतं" म्हणाला, तर ते कोणत्या गोदामातून येतं, इंदूरपर्यंत कुरिअरने की ट्रान्सपोर्टने, आणि आगाऊ पैसे भरावे लागतात का, हे तिथेच लिहून घ्या. पाचातले तीन तरी फडताळात नसतील तर मी पुढची पायरी चढणार नाही.

आमच्या वेळी ही गोष्ट आम्हाला एका म्हाताऱ्या मिस्त्रीने शिकवली, पण उशिरा. त्याने पंप काढला, डिझेलने धुतला, बोटाने चिखल पुसत पुसत बॉडीवरचा कोरलेला आकडा वाचला आणि म्हणाला, "भिया, नाम मत पढ़ो, नंबर पढ़ो." नाव ट्रॅक्टर कंपनीचं होतं, आतला बेअरिंगचा नंबर मात्र बाजारातला साधा. ते बेअरिंग शहरात त्याच दिवशी मिळालं. सील तेवढं कंपनीचं खास मापाचं होतं, ते अडलं.

यातून समजायचं ते असं. कोणतीही कंपनी सगळे भाग स्वतः बनवत नाही. बेअरिंग, फॅन बेल्ट, बॅटरी, टायर, अल्टरनेटर, बऱ्याचदा डिझेल पंप आणि नोझलसुद्धा बाहेरच्या नावाजलेल्या कारखान्यांतून येतात. हे बाजारी भाग जितके जास्त, तितकं डीलरचं अंतर कमी टोचतं. मागचा टायर १३.६-२८ किंवा १४.९-२८ असेल तर कुठेही मिळेल. वेगळ्याच मापाचा असेल तर एक प्रश्न वाढला. पीटीओ, म्हणजे अवजार फिरवणारा मागचा दांडा, ५४० फेऱ्यांचा आणि सहा खाचांचा आहे ना, तेही बघा, म्हणजे शेजाऱ्याचा रोटाव्हेटर आणि थ्रेशर तुमच्यालाही लागेल.

३. बुदनीचा रिपोर्ट वाचा

आपल्याच प्रदेशात, सीहोर जिल्ह्यात नर्मदेकाठी बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था १९५५ पासून आहे. तिथे तपासलेल्या मॉडेलचा रिपोर्ट डीलरकडे मागा. बहुतेक लोक त्यातला पीटीओचा एचपी, डिझेलचा खप आणि लिफ्टची क्षमता बघून मिटवतात. ते बघाच, कारण बोनेटवरचा आकडा इंजिनाचा असतो आणि रोटाव्हेटरला मिळणारी ताकद पीटीओची, म्हणजे त्याहून कमी. पण आपल्या कामाची पानं वेगळी आहेत. डिझेल पंप, फिल्टर, सेल्फ, क्लच कोणत्या बनावटीचे, हे त्यात भागवार लिहिलेलं असतं. तेवढी पानं मोबाइलमध्ये घ्या आणि मिस्त्रीपुढे ठेवा. बाजारी काय आणि अडवणारं काय, तो पेनाने खुणा करून देईल.

४. ५० एचपीची रेघ

१ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना ट्रेम-४ हे धुराचे नियम लागू आहेत. त्यामुळे या वर्गात इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आलं: सेन्सर, वायरिंग, कंट्रोल युनिट. बिघाड झाला की मिस्त्री कान लावून सांगू शकत नाही, कंपनीचं स्कॅनर लावून कोड वाचावा लागतो. ५० च्या आत अजून साधे पंप सर्रास मिळतात आणि ते शहरातल्या पंपवाल्याकडे बसवून मिळतात. सर्व्हिस लांब असेल तर मी ही रेघ ओलांडणार नाही. ओलांडायचीच असेल, तर स्कॅनर असलेला माणूस किती किलोमीटरवर बसतो ते आधी बघा, आणि तो शेतावर येतो की ट्रॅक्टर ट्रकवर चढवून न्यावा लागतो तेही.

५. कंपनी राहील का?

पिथमपूरला जिचा कारखाना आहे त्या फोर्स मोटर्सने ३१ मार्च २०२४ पासून ट्रॅक्टरचा धंदा बंद केला. त्याआधी एचएमटीच्या पिंजोरच्या ट्रॅक्टर विभागाला टाळं लावायला केंद्राने २०१६ मध्ये मंजुरी दिली. तरी जुने एचएमटी अजून रानात दिसतात, कारण ते एका काळी इतके खपले की पार्ट बनवणारे तयार झाले. थोडक्यात, नाव मोठं असून भागत नाही. तेच मॉडेल तुमच्या पट्ट्यात किती फिरतंय ते मोजा. प्रीत ट्रॅक्टर पंजाबातल्या नाभ्याचा, इंडो फार्म हिमाचलातल्या बद्दीचा, कॅप्टन राजकोटचा. आपापल्या मुलखात यांना घरचा मिस्त्री असतो. सांवेरच्या मंडीत एका सकाळी उभं राहून ट्रॉल्यांपुढचे ट्रॅक्टर मोजले तरी तुमच्याकडचं चित्र कळेल.

६. सौदा सूट बघून करू नका, लेखी शब्दांवर करा

कमी खपणाऱ्या ब्रँडचा डीलर सूट पटकन देतो. ती घ्या, पण त्याआधी कोटेशनवर हे लिहून घ्या: ५० तासांची पहिली सर्व्हिस आणि पुढच्या सर्व्हिस शेतावर येऊन होतील का, येण्याजाण्याचे पैसे कोणाकडे, वॉरंटीत हायड्रॉलिक आणि डिझेल पंप आहेत की फक्त इंजिन-गिअरबॉक्स, पार्ट किती दिवसांत नाही आला तर काय. शेवटच्या मुद्द्यावर डीलर हसेल. हसू द्या, लिहून घ्या. सर्व्हिसच्या कुपनावर शिक्का आणि तासांचा आकडा प्रत्येक वेळी घ्या, कारण वॉरंटी बहुधा तिथेच नाकारली जाते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, तेव्हा जुन्या कोटेशनचा कागद पुढे आला तर परत द्या.

पुढे वाद झालाच तर डीलर कुठल्याही जिल्ह्यातला असो, तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. भरलेली किंमत ५ ते १० लाखांत असेल तर शुल्क फक्त २०० रुपये. त्याआधी ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन करून बघा. दोन्हीकडे चालतो तो कागद. काउंटरवरच्या गप्पा चालत नाहीत.

कर्ज घेत असाल तर बँकेला मॉडेल आधी सांगा. अनोळखी ब्रँडला काही जण कर्ज कमी देतात, म्हणजे डाउन पेमेंट वाढतं. विकताना भावही पडतो. दहा-बारा वर्षं ठेवणार असाल तर त्याचं फार मनावर घेऊ नका.

७. उभा राहिलेल्या दिवसांचा हिशेब

समजा ट्रॅक्टर ७० हजारांनी स्वस्त पडतोय. समजा पेरणीत तो दहा दिवस उभा राहिला आणि रोज सहा तास भाड्याचा लावावा लागला, तासाला ९०० रुपये. झाले ५४ हजार, एकाच हंगामात. आणि भाड्याचा वेळेवर मिळेल हे गृहीत धरून. बतर आली की सगळ्यांनाच तो हवा असतो. म्हणून शेजाऱ्याशी आधीच सावड ठरवा, त्याचा नांगर अडला तर तुमचा, तुमचा अडला तर त्याचा. आमचं आता असंच चालतं आणि दोन्हीकडे बायकांनाच हिशेब जास्त पाठ आहे.

८. घरची पेटी

डिलिव्हरीच्याच दिवशी, रंग नवा असताना, पंप, सेल्फ, अल्टरनेटर, क्लच हाउसिंग यांच्यावरच्या नंबरच्या पट्ट्यांचे फोटो काढा. दोन वर्षांनी तिथे ग्रीस आणि माती बसते. मग एक पत्र्याची पेटी करा: डिझेल आणि ऑइल फिल्टरचे दोन-दोन जोड, फॅन बेल्ट, हायड्रॉलिक सील किट, पुढच्या हबची सील, क्लच प्लेट, थोडे फ्यूज. क्लच प्लेट महाग वाटेल, तरी ठेवा. पेटी घरात ठेवा, उन्हात तापणाऱ्या शेडमध्ये नको; रबराची सीलं पडून पडून कडक होतात. प्रत्येक पुडीवर घेतल्याची तारीख आणि पार्ट नंबर लिहा, आणि सोयाबीन कापणीच्या आधी एकदा उघडून सीलं बोटाने दाबून बघा.