हॅकेथॉनला जाताय? ३६ तास एकमेकांशी नीट कसं वागायचं

स्मार्ट इंडिया हॅकेथॉन, म्हणजे दिलेल्या प्रश्नावर टीमने सलग बसून उपाय बनवायची सरकारी स्पर्धा, २०१७ ला सुरू झाली आणि तेव्हापासून इंजिनिअरिंगच्या पोरांचा हा एक सणच झालाय. सहा जणांची टीम, सॉफ्टवेअरवाल्यांची ३६ तासांची फायनल, आणि सेंटर बहुतेक वेळा दुसऱ्याच राज्यात, म्हणजे ट्रेनच्या डब्यापासूनच सगळे एकमेकांच्या अंगावर. कोड कसा लिहायचा ते सांगणारे ढीगभर आहेत, मी फक्त वागायचं कसं ते सांगतो, आणि यातलं बरंचसं मी स्वतः चुकून शिकलोय.

१. सुरुवात टीम बनवतानाच होते
नियम असा की सहा जणांत किमान एक मुलगी हवीच. नियम चांगलाय, पण प्रत्यक्षात काय होतं, तर डेडलाइनच्या आदल्या रात्री वर्गातल्या कुणाला तरी मेसेज जातो, "अगं तुझं नाव टाकू का, एक मुलगी लागते." मग ती येते आणि तिच्या गळ्यात पीपीटी मारतात, वर "तू छान बोलतेस ना". आमच्या टीममध्ये हेच झालं आणि मीही त्यात होतो. तिने पहिल्याच संध्याकाळी डेटाबेसचा स्कीमा (कुठली माहिती कुठल्या तक्त्यात जाणार त्याचा आराखडा) कागदावर काढून दिला होता, आम्ही हो हो म्हणून त्यावर पाण्याची बाटली ठेवली, आणि पहाटे चारला जेव्हा एका युजरच्या दोन-दोन एन्ट्री दिसायला लागल्या तेव्हा तो ओला झालेला कागद शोधून काढला, उत्तर त्यातच होतं.

म्हणून विचारताना काम सांगून विचारा, "बॅकएंड (पडद्यामागचा, डेटा सांभाळणारा कोड) घेशील का?" असं. पहिल्याच मीटिंगला सहा नावं लिहा, प्रत्येकापुढे काम लिहा, पीपीटी सगळ्यांत वाटून घ्या. आणि रात्री "तू जा झोप, आम्ही बघतो" हे परस्पर ठरवू नका, थांबायचं का जायचं ते तिला विचारा, जायचं असेल तर सोबत कोण जाणार तेवढं बघा.

२. पोचल्यावर
मोठे डेटासेट, डॉकर इमेज (प्रोग्राम चालायला लागणारं सगळं बांधलेली मोठी फाइल) वगैरे घरूनच डाउनलोड करून न्या, कारण तिथे अख्खा हॉल एकाच वायफायवर असतो आणि तुमच्या दहा जीबीपायी शेजाऱ्याचा साधा पेज लोड होत नाही. एक्स्टेन्शन बोर्डाचंही तेच, स्वतःचा न्या, चार्जर, फोन, पॉवर बँक सगळं एकाच टीमने लावून बसू नका.

व्हॉलंटिअर म्हणजे बहुतेक सेकंड इयरची पोरं असतात, तीही तुमच्याएवढीच जागलेली, त्यांना "ए पाणी आण रे" म्हणू नका, गळ्यात आयडी कार्ड असतं, नाव वाचा आणि नावाने हाक मारा.

शेजारी कोइम्बतूरची टीम असेल, गुवाहाटीची असेल. आपसात खुशाल मराठीत बोला, पण त्यांच्याकडे बघून मराठीत काहीतरी बोलून हसणं बंद, आपण कुणावर हसतोय ते त्यांना बरोबर कळतं. कॉलेजच्या नावावरून, कोट्यावरून, इंग्रजीच्या उच्चारावरून जोक तर नकोच नको.

३. रात्री
झोपेच्या पाळ्या आधीच लावा, नाहीतर दोघं जागतात आणि सकाळी बाकीच्यांवर खेकसतात. तोंड उघडं टाकून झोपलेल्याचा फोटो स्टोरीला टाकू नका. (आणि जास्तीचे मोजे न्या प्लीज, एसी हॉलची दारं-खिडक्या बंद असतात, वास कोंडतो.)

पहाटे तीनला मेन ब्रँचवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक कोडवर, फोर्स पुश (आधीचं पुसून आपलंच चढवणं) करू नका, झोपलेल्याचा कोड उडवायचाच असेल तर आधी त्याला हलवून उठवा. "हा कचरा कुणी लिहिलाय" असं ओरडू नका, गिट ब्लेममध्ये (कुठली ओळ कुणी लिहिली ते दाखवतं ते) कधी कधी आपलंच नाव निघतं.

४. मेंटॉर, ज्युरी, डेमो
मेंटॉर म्हणाले की आयडिया जमत नाहीये, तर लगेच "सर तुम्हाला कळलं नाही" सुरू करू नका. एकाने लिहून घ्या, मग प्रश्न विचारा. दुसऱ्याचा कोड वापरला असेल तर ज्युरींनी विचारायच्या आधी सांगा, एमआयटी लायसन्ससारख्या कोड फुकट वापरू देणाऱ्या मोकळ्या परवान्यातसुद्धा कॉपीराइटची नोटीस ठेवावी लागते. दुसऱ्या टीमचा डेमो अडकला की गप्प बसा, प्रोजेक्टरची केबल हवी असेल तर द्या.

५. कुणी त्रास दिला तर
अंगचटीला येणं, नको ते मेसेज, जातीवरून बोलणं, हे "जाऊ दे, फायनल आहे" म्हणून सोडू नका. सोबतचे सर-मॅडम किंवा आयोजक यांना लगेच सांगा, वेळ आणि स्क्रीनशॉट ठेवा. लैंगिक छळाची तक्रार असेल तर कॉलेजात अंतर्गत समिती असते, ती २०१३ च्या कायद्याने सक्तीची आहे. आणि तक्रार मित्राला करायची असेल तर त्याला "तू नक्की बघितलंस का" विचारण्याआधी सोबत चला.

६. निघताना
वायरी गुंडाळा, चहाचे कप उचला, मागून घेतलेला बोर्ड परत द्या. जिंकलेल्यांना जाऊन भेटा, ज्युरी विकली गेली वगैरे चर्चा निदान त्याच हॉलमध्ये नको. लिंक्डइनवर पोस्ट टाकताना सहाही जणांची नावं आणि कुणी काय केलं ते नीट लिहा. आमच्या पोस्टमध्ये स्कीमावालीच्या नावापुढे आम्ही "प्रेझेंटेशन" लिहिलं होतं, तिने काहीच म्हटलं नाही, दोन दिवसांनी मीच एडिट केलं, पण तोवर ज्यांनी बघायचं त्यांनी बघून झालं होतं.