मिनी कापायला बसण्याआधी

मिनी म्हणजे टेबलावरच्या खेळातली छोटी बाहुली. तिचे हात, मुंडकी कापून, बदलून नवी घडवायची तर सगळ्यात आधी धुवा. चाकू नंतर शोधा, आधी धुवा. रेझिनचा (साच्यात ओतून घट्ट केलेल्या प्लॅस्टिकचा) भाग साच्यातून अलगद सुटावा म्हणून साच्याला तेलकट थर दिलेला असतो आणि तो भागावरच राहून जातो. डोळ्यांना दिसत नाही, बोटाला जेमतेम कळतो. तो न काढता फेव्हिक्विक लावलं तर जोड दोन दिवस धरतो आणि रंगकाम पूर्ण झाल्यावर ऐन डावात मुंडकं टेबलावर घरंगळतं. प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, तर नखाने पापुद्र्यासारखा निघतो. मागच्या खेपेला हेच विसरलो, म्हणून ही यादी.

कोमट पाणी, भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब, जुना मऊ टूथब्रश. हात आणि मुंडकी चहाच्या गाळणीत ठेवूनच घासा, नाहीतर बेसिनच्या जाळीतून गेलीच समजा. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडत असतील तर शेवटचं विसळणं फिल्टरच्या पाण्याने. पाणी उकळतं नको, पातळ भाले वाकतात. भाला मुळातच वाकडा आला असेल तर मात्र हाच उपाय: गरम पाण्यात बुडवा, सरळ धरा, तसाच गार पाण्यात घाला. रात्रभर वाळू द्या. घाई कायले? थ्रीडी प्रिंटचा चिकटपणा साबणाने जात नाही. त्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मग यूव्ही प्रकाश लागतो.

चाकू, कटर, कापायची चटई तुमच्याकडे असेलच. 11 नंबरची पाती पाच तरी जास्तीची घ्या. बोथट पातं घसरतं आणि बोटात शिरतं. पिन व्हाइसला (बोटांनी फिरवायच्या छोट्या ड्रिलला) 0.8 आणि 1 मिमीचे ड्रिल. जोडाच्या आत पिन म्हणून घालायला 0.8 मिमीची पितळी तार नागपूरच्या इतवारीत हार्डवेअरच्या दुकानात मागा. यू-पिनही चालते, पण ती पक्कडीने तोडा, प्लॅस्टिकच्या कटरची धार घालवू नका. रेझिन घासताना मास्क लावा आणि पॉलिशपेपर ओला ठेवा.

प्लॅस्टिक सिमेंट पॉलिस्टायरीन (कडक प्लॅस्टिकच्या मिन्या) विरघळवून जोडतं. रेझिन, धातू किंवा बोर्डगेमच्या मऊ पीव्हीसी मिन्यांवर ते काहीच करत नाही, तिथे सुपरग्लूच, म्हणजे फेव्हिक्विक. कूलरच्या ओल्या हवेत सुपरग्लू सुकताना आजूबाजूला पांढरी वाफ बसते, म्हणून चिकटवताना कूलर बंद. होय, मे महिन्यातही.

कुठे कापायचं ते पेन्सिलने आधी आखा. पट्टा, कॉलर, बाहीची कड अशा ठिकाणी काप लपतो. उघड्या दंडावर कापलात तर पुट्टीने स्नायू घडवत बसाल. 28 मिमी मापाच्या मिनीच्या धडावर 32 मिमी मापाच्या मिनीचं मुंडकं जत्रेतल्या मुखवट्यासारखं दिसतं, तेव्हा न चिकटवता ठेवून पाहा. खेळाच्या नियमाप्रमाणे हातात जे शस्त्र आहे तेच मिनीवर दिसायला हवं, हेही आत्ताच ठरवा. पिन घालताना एका बाजूला रंगाचा ठिपका द्या, दोन्ही भाग दाबा. समोर ठसा उमटेल तिथेच भोक.

ग्रीन स्टफची (दोन रंग मळून वापरायची पुट्टी) निळी-पिवळी पट्टी असेल तर दोन्ही रंग जिथे चिकटलेत तो मधला भाग कापून फेका. तिथे ती आधीच कडक झालेली असते आणि कणी कणी येते. समान भाग, एकजीव हिरवं होईपर्यंत मळा. साधारण दीड तास हाताशी मिळतो, उन्हाळ्यात बराच कमी. म्हणून वाटाण्याएवढीच मळा आणि उरलेली फ्रीजमध्ये ठेवा. लवकर सुकणारं एम-सील बेसवरच्या (मिनीच्या पायाखालच्या चकतीवरच्या) दगडांना ठीक आहे, चेहऱ्याला नाही. केसाळ कातडं करायचं तर अर्ध्या तासाने, पुट्टी थोडी घट्ट झाल्यावर रेघा ओढा. हत्यार पाण्याने ओलं करा किंवा किंचित व्हॅसलीन लावा. आणि व्हॅसलीन लावलंत तर पुट्टी पूर्ण सुकल्यावर, म्हणजे दुसऱ्या दिवशी, परत धुवा. रेझिन आधी धुतलं होतं म्हणून सोडू नका. घामाच्या, तेल लावलेल्या हातांनी मिनी दिवसभर हाताळली असेल तरी धुवाच.

बारीक फटीत सुपरग्लू आणि वरून चिमूटभर खाण्याचा सोडा; लगेच दगड होतो, मग घासा.

प्रायमर: धुतलंत ना? मग डबा नीट हलवा, 20-25 सेंमीवरून, पातळ दोन थर. मे महिन्यात दुपारी मारलात तर रंग हवेतच सुकून वाळूसारखा बसतो, सकाळी सहाला गच्चीवर जा. पीव्हीसीवर स्प्रे कधीकधी चिकटच राहतो, तिथे ब्रशने लावायचा प्रायमर.

बेस खेळाच्या नियमातल्याच मापाचा. पायातून पिन. मॅट वार्निश पुन्हा सकाळीच, पावसाळी हवेत नकोच, पांढरट धरतं.