गारबेट पठारावरून माथेरान

माथेरानला गर्दी होते ती इको पॉइंट आणि शार्लट लेकला. पूर्वेकडचं गारबेट पठार त्या मानाने मोकळं असतं. जायचं असेल तर कर्जत लोकलने भिवपुरी रोडला सकाळी सातच्या आत उतरा. पश्चिमेला पाली-भुतिवलीच्या धरणाकडे चालत जा, पाणी डाव्या-उजव्या कुठल्या हाताला ठेवायचं ते वाडीतच विचारा, कारण गुरांच्या वाटा फार फुटतात. पुढे सागाची वाडी, मग पठार, मग गारबेट पॉइंट. दमाने चाललात तर वर यायला तीन-चार तास लागतात.

चूक होते ती पठारावर. पावसाळ्यात धुकं उतरलं की दहा पावलांवरचं दिसत नाही आणि पठार कड्यावर अचानक संपतं. अशा वेळी चालायचं नाही, बसून राहायचं. शेवटच्या चढावर लाल माती साबणासारखी होते. झिजलेल्या तळव्याचे बूट नकोतच.

माणशी तीन लिटर पाणी घ्या. ऑक्टोबरात तर नक्कीच, कारण पूर्वेचं ऊन सकाळपासून अंगावर. खाऊ सॅकच्या आतच ठेवा. हातातली पिशवी माकडं सोडत नाहीत. परतताना माथेरानच्या दस्तुरी नाक्यावरून, म्हणजे गाड्या थांबतात तिथून, नेरळची शेअर टॅक्सी धरा.