पंधरा वर्षांची मर्सिडीज किंवा बीएमडब्ल्यू पुण्यात धावती ठेवायची तर

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. जुनी आलिशान गाडी दारात उभी करायची तर ही म्हण आधी पाठ करा. २००८ ची ई-क्लास किंवा ५ सिरीज आज नव्या हॅचबॅकपेक्षा स्वस्तात मिळते, पण उतरलेली असते ती गाडीची किंमत, सुट्या भागांची नव्हे. रेडिएटर, हेडलाइट, एबीएस युनिट यांचे दर अजूनही पन्नास लाखांच्या गाडीचेच असतात. त्यामुळे पाच लाखांना गाडी घेतलीत तर दीड-दोन लाख वेगळे काढा आणि ते पहिल्याच वर्षात लागणार असं धरून चला. तेवढी तयारी नसेल तर गाडी बघायलाही जाऊ नका.

या गाड्यांची इंजिनं सहसा आपल्या मौतीने मरत नाहीत. शेजारचं एखादं रबर किंवा प्लॅस्टिक त्यांना मारतं. मर्सिडीजचं व्ही-६ डिझेल इंजिन, ओएम ६४२, घ्या. टर्बोच्या तोंडाशी एक छोटं रबरी सील असतं. ते कडक झालं की तेलाचा थेंब थेंब खाली इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या भागाच्या, मोटरवर पडतो. सील काही शे रुपयांचं, मोटर हजारोंची. मोटर गेली की दिवा लागतो, मेकॅनिक मोटर बदलतो, सील तसंच राहतं आणि वर्षभरात नवी मोटरही जाते. खर्च आटोक्यात ठेवायचा म्हणजे असं सील आधी शोधायचं.

पहिला महिना

गाडी घरी आली की आधी पॉलिश नको, स्कॅनर लावा. दोन-तीन हजारांचा साधा ओबीडी स्कॅनर इंजिनाच्या चुका सांगतो, पण एअरबॅग, गिअरबॉक्स, सस्पेन्शन यांच्याशी तो बोलत नाही. मर्सिडीजला झेन्ट्री, बीएमडब्ल्यूला इस्टा, ऑडीला व्हीसीडीएस ही तपासणीची सॉफ्टवेअर असलेलंच गॅरेज गाठा. चुकांचे सगळे कोड कागदावर उतरवा, मगच पुसा आणि शंभर किलोमीटर चालवून पुन्हा वाचा. परत आलेले कोड खरे, बाकीचे जुन्या उतरलेल्या बॅटरीची पिल्लं.

मग इंजिन आणि चेंबर, म्हणजे इंजिनाखालची तेलाची टाकी, धुऊन घ्या. पाणी बेताच्या दाबाने मारायचं, वायरिंगचे जोड प्लॅस्टिकने झाकून. धुतल्याशिवाय गळती कुठून हे कळत नाही, कारण तेल वाऱ्याने मागे जातं आणि दिसतं भलतीकडेच. ओएम ६४२ मध्ये व्हीच्या खोबणीत बसलेल्या ऑइल कूलरची सीलं गळली की तेल मागून उतरून बेलहाउसिंगपाशी, म्हणजे गिअरबॉक्स इंजिनाला जोडतो तिथे, टपकतं. ते बघून ‘क्रँकचं मागचं सील गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. उतरवायचा असतो वरचा टर्बो आणि मॅनिफोल्ड. सीलं स्वस्त आहेत, पैसा जातो मजुरीत. म्हणून एकदा वरचं खोललंच की मघाचं टर्बोचं सीलही त्याच वेळी बदलून घ्या.

बीएमडब्ल्यूच्या एन ५२ पेट्रोल इंजिनात, म्हणजे ई ६० (त्या काळच्या ५ सिरीजचा कोड) च्या ५२५ आय आणि ५३० आयमध्ये, ऑइल फिल्टरच्या हाउसिंगचं पॅकिंग असंच दगा देतं. तेल थेट बेल्टवर पडतं. बेल्ट घसरून तुटला तर त्याचे धागे क्रँकच्या पुढच्या सीलमधून इंजिनात ओढले जाऊ शकतात. पॅकिंगचं काम एका दिवसाचं, नंतरचं काम चेंबर उतरवून धागे वेचायचं.

कूलंट

बोरघाट आणि खंबाटकी आपल्या दोन्ही बाजूंना, त्यात एप्रिल-मे. अर्धवट कूलिंगवर या गाड्या फार दिवस निभत नाहीत. दहा-बारा वर्षांत रेडिएटरचे प्लॅस्टिकचे टोक बिस्किटासारखे होतात. होसपाइप काढताना तुकडा हातात आला तर मेकॅनिकला दोष देऊ नका. रेडिएटर, वरचा-खालचा होस, थर्मोस्टॅट आणि एक्स्पान्शन टँक हे सगळं ठरवून एकदम बदला. बऱ्याच मर्सिडीजमध्ये गिअरबॉक्सचं तेल त्याच रेडिएटरच्या पोटातून थंड होतं. आतली भिंत फुटली तर कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरतं आणि रेडिएटरच्या किमतीत वाचवलेले पैसे गिअरबॉक्सला दसपट होऊन लागतात.

एन ५२ चा पाण्याचा पंप विजेवर चालतो. त्याला बेल्ट नाही, तो कुरकुर करत नाही, एक दिवस थांबतो. लाखभर किलोमीटर झाले असतील आणि बदलल्याचं बिल नसेल तर तो गेलाच असं समजून थर्मोस्टॅटसह बदला. या इंजिनाचा ब्लॉक मॅग्नेशियमचा, म्हणून बोल्ट ॲल्युमिनियमचे आणि एकदाच वापरायचे. जुना बोल्ट परत कसला तर तुटतो, स्टीलचा घातला तर ब्लॉक गंजतो. नवे बोल्ट पंपासोबतच मागवा.

पंप बसल्यावर हवा काढणं हे खरं काम. कूलंट भरा, बॅटरीला चार्जर लावा. इंजिन सुरू न करता इग्निशन चालू करा, हीटर सर्वांत गरम, पंखा सर्वांत कमी. ॲक्सिलरेटर दहा सेकंद पूर्ण दाबून धरा. पंप स्वतःहून साधारण बारा मिनिटं फिरतो आणि गुडगुड थांबत जाते. मग पातळी बघून वाढवा. हे टाळून ‘आपोआप निघेल हवा’ म्हणत गाडी बाहेर काढली की पहिल्याच चढावर लाल दिवा.

कूलंट रंगावरून घेऊ नका, डब्यावरचं कंपनीचं अप्रूव्हल वाचा. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी. सोसायटीचं बोअरचं पाणी जड, त्याचा थर आत बसतो, तेव्हा प्रवासात अडलात तरी निदान बाटलीबंद पाणी टाका आणि घरी आल्यावर सगळं बदलून घ्या.

गिअरबॉक्सचं ‘लाइफटाइम’ तेल

‘लाइफटाइम’ म्हणजे कुणाचं आयुष्य, ते डब्यावर लिहिलेलं नसतं. साठ ते ऐंशी हजार किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदला.

मर्सिडीजच्या पाच गिअरच्या ७२२.६ बॉक्समध्ये नुसता पॅन काढला तर जेमतेम चार लिटर निघतं, उरलेलं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला देणाऱ्या तेलभरल्या भागात, अडकतं. कन्व्हर्टरला ड्रेन प्लग असेल तर तोही उघडा, मग साडेसात लिटरच्या आसपास लागेल. तेल एमबी २३६.१४ अप्रूव्हलचं. नळीत डिपस्टिक नसतेच, नुसतं झाकण असतं. वर्कशॉपची लांब डिपस्टिक लागते आणि पातळी ८० अंशांना, इंजिन चालू, लिव्हर पी मध्ये ठेवून बघायची. तेल थंड असताना बघून भरलं तर जास्त पडतं, फेस होतो, गिअर घसरतो. पॅन खाली आहे तोवर १३ पिनांच्या इलेक्ट्रिकल जोडाचा प्लगही बदला. त्याची ओ-रिंग गळली की तेल वायरिंगच्या आतून चढत थेट कंट्रोल युनिटपर्यंत जातं.

बीएमडब्ल्यूच्या झेडएफ ६ एचपी बॉक्समध्ये फिल्टर प्लॅस्टिकच्या पॅनमध्येच बसवलेला असतो, म्हणजे पॅन अख्खा बदलायचा. पातळी ३० ते ५० अंशांच्या दरम्यान, इंजिन चालू ठेवून, बाजूच्या प्लगमधून तेल थेंब थेंब यायला लागेपर्यंत. पॅनचे स्क्रू १० न्यूटन मीटरलाच थांबवा. मनगटाच्या जोरावर कसले की पॅन वाकतो आणि नवा पॅन गळायला लागतो.

२००२ ते २००६ च्या ई-क्लासमध्ये एसबीसी, म्हणजे विजेच्या पंपाने दाब तयार करणारे, ब्रेक आहेत का, हे पॅड बदलण्याआधी बघा. दार उघडलं की त्यांचा पंप आपोआप दाब तयार करतो. स्कॅनरने सिस्टिम बंद न करता कॅलिपरमध्ये हात घातला तर पिस्टन बोटं चेपतो. ज्या मेकॅनिकला हे माहीत नाही त्याला चावी देऊ नका.

पावसाळ्याआधी

पुण्यातल्या गाड्यांचं निम्मं इलेक्ट्रॉनिक्स झाडांच्या पाल्यामुळे जातं, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती नाही. गुलमोहराची बारीक पानं वायपरखालच्या खोबणीत जाऊन कुजतात, नाली तुंबते आणि जूनच्या पहिल्या जोरदार सरीत पाणी फ्यूजबॉक्समध्ये किंवा गालिच्याखाली उतरतं. ऑडीत बॅटरीखालची नाली, ई ६० मध्ये डिकीतली बॅटरीची आणि मॉड्युलची जागा, या पाणी साठायच्या खास जागा.

मे संपायच्या आत सनरूफ उघडा आणि प्रत्येक कोपऱ्यातल्या भोकात थोडं थोडं, अर्धा पेला पाणी ओता. पुढचं पाणी पुढच्या दाराच्या बिजागरीजवळ किंवा चाकाच्या कमानीत पडलं पाहिजे. पडलं नाही तर गवत कापायच्या मशीनची दोन-अडीच मिलिमीटरची नायलॉन दोरी हळूहळू सारा. कंप्रेसरची हवा मात्र कधीही मारू नका. आतली नळी जोडातून सुटते आणि मग ते पाणी छताच्या कापडामागून खाली येतं. गालिच्याखाली हात घालून बघा, वरून कोरडा आणि खालचा स्पंज ओला असणं नेहमीचं.

रस्ते, बुश आणि टायर

स्पीडब्रेकर आणि पेव्हर ब्लॉकवर सर्वांत आधी जातात ते लोअर आर्मचे हायड्रो बुश, म्हणजे आत तेल भरलेले रबरी बुश. बुशाभोवती तेलकट काळा डाग दिसला की ते फुटले. बदलताना एकच गोष्ट मेकॅनिकच्या मागे उभं राहून बघा. आर्मचा मधला बोल्ट शेवटचा कसायचा तो गाडी चाकांवर उतरवून किंवा आर्मखाली जॅक देऊन, गाडीची बसती उंची आल्यावर. लिफ्टवर चाक लोंबकळत असताना कसला तर बुश कायम पिळलेला राहतो आणि तीन-चार महिन्यांत फाटतो. मग दोष ‘डुप्लिकेट माला’ला. त्यानंतर अलाइनमेंट हवंच.

एअर सस्पेन्शन असेल तर रात्री चारही कोपऱ्यांत चाकाच्या कमानीची जमिनीपासूनची उंची मोजून लिहा, सकाळी पुन्हा मोजा. एखादा कोपरा बोटभर खाली आला तर तिथे गळती आहे. साबणाचं पाणी मारून बुडबुडे बघा. दुर्लक्ष केलंत तर कंप्रेसर दिवसभर भरत राहतो आणि जळतो, मग एकाऐवजी दोन बिलं येतात.

टायरच्या भिंतीवर लंबगोलातला चार आकडी कोड वाचा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. सहा वर्षांपलीकडचा टायर नक्षी शाबूत असली तरी हायवेला नेऊ नका.

बॅटरी

बंद गाडीतली मॉड्युल झोपायला वीस-तीस मिनिटं घेतात. त्यानंतर करंट ५० मिलिॲम्पिअरच्या खाली आला पाहिजे. बॉनेटचं आणि दाराचं लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद करा म्हणजे गाडीला सगळं बंद वाटेल, मग क्लॅम्प मीटर लावा. करंट जास्त असेल तर फ्यूज उपटत बसू नका, त्याने झोपलेलं मॉड्युल जागं होतं. प्रत्येक फ्यूजच्या दोन टोकांवर मिलिव्होल्ट मोजा. जिथे आकडा दिसेल ते सर्किट जागं आहे.

एजीएम (काचतंतूंच्या थरात ॲसिड शोषलेली) बॅटरीच्या जागी साधी बसवू नका. बीएमडब्ल्यूत नवी बॅटरी स्कॅनरने नोंदवावी लागते, नाहीतर चार्जिंग जुन्या बॅटरीच्या हिशेबाने चालू राहतं. गाडी आठवड्याला एकदाच निघत असेल तर स्मार्ट चार्जर लावून ठेवा.

सुटे भाग कुठून

दुकानात तोंडी नाव सांगू नका. १७ अक्षरं-आकड्यांच्या चेसिस नंबरवरून पार्ट नंबर काढा. मर्सिडीजचा ए आणि पुढे दहा आकडे, बीएमडब्ल्यूचा अकरा आकडी. फिल्टर, सेन्सर आणि बेल्ट नाना पेठेत मिळून जातात. लेमफर्डर, मान, माहले, झॅक्स यांसारख्या, मोटार कंपन्यांनाच माल पुरवणाऱ्यांच्या डब्यातला भाग चालतो आणि बराच स्वस्त पडतो. जुने वापरलेले भाग मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा दिल्लीत मायापुरीत मिळतात. काच, दार, सीट, आरसा, अलॉय हे जुनं घ्या. पंप, बुश, सील, एअरबॅग जुनं कधीही नाही. कंट्रोल युनिट जुनं घेताना आधी विचारा की ते दुसऱ्या गाडीत कोड होतं का, बरीच होत नाहीत. पितळी बुश किंवा ब्रॅकेट असलं काही अडलं तर भोसरी एमआयडीसीत नमुना दाखवून खराद्याकडून करून मिळतं.

२००८ ची गाडी ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या, पेट्रोलसाठी बनलेली नाही. इंधनाच्या रबरी नळ्या दर सहा महिन्यांनी हाताने चाचपा. चिकट किंवा फुगलेली लागली तर त्याच दिवशी बदला. महिनोन्‌महिने उभी ठेवायची गाडी त्या पेट्रोलवर ठेवू नका.

कागद

पंधरा वर्षं झाली की नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढते. त्यासाठी आरटीओची तपासणी, पर्यावरण कर, पीयूसी, विमा आणि जुन्या गाडीला नवी एचएसआरपी नंबरप्लेट. मोटारीच्या नूतनीकरणाची फी २०२२ पासून ५,००० रुपये, वीस वर्षांपुढे २०२५ पासून १०,०००. मुदत संपायच्या आधीच्या दोन महिन्यांतच अर्ज करा. तपासणीला नेण्याआधी हेडलाइटच्या काचा पॉलिश करा, हँडब्रेक ओढून चढावर बघा, आणि डॅशवरचा एकही दिवा लागलेला नाही याची खात्री करून मगच गाडी काढा.