प्रोफेशनल फ्लाइट सिम की घरगुती? पैसे टाकायच्या आधी हे बघा

फ्लाइट सिम, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायचं सॉफ्टवेअर, सुरू करायचं ठरलं की बऱ्याच जणांना वाटतं डायरेक्ट प्रोफेशनल व्हर्जनच घ्यावं, तेच जास्त खरं असणार. घाई करू नका. आधी ते जादा पैसे नक्की कशाचे असतात ते समजून घ्या.

एक्स-प्लेन या सिमचंच बघा ना. घरचं असो की प्रोफेशनल, विमान उडवायचं आतलं गणित तेच, म्हणजे पंखांचे, प्रोपेलरचे छोटे छोटे तुकडे करून प्रत्येकावर हवेचा किती जोर येतोय ते सतत मोजत राहायचं. प्रोफेशनलवाल्याला लायसन्सची वेगळी यूएसबी की मिळते आणि फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं दिसतात) फार खाली जात नाही ना, कंट्रोल नीट चालतायत ना, असल्या तपासण्या त्यात चालू होतात. हे लागतं ट्रेनिंग सेंटरला, कारण त्यांना एफएए या अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकासारख्या संस्थेची मान्यता हवी असते. आणि मान्यता नुसत्या सॉफ्टवेअरला नसतेच, कॉम्प्युटर, योक (विमानाचं हँडल), पेडल, पॅनल असा सगळा सेट मिळून पास होतो. म्हणजे तुम्ही घरी ती की लावलीत तरी लॉगबुकात (पायलटच्या उड्डाणाच्या तासांच्या वहीत) एक तासही धरला जाणार नाही. एअरलाइनवाले पायलट ज्यात बसतात ते लेव्हल डी (सगळ्यात वरच्या दर्जाचं सिम्युलेटर) म्हणजे तर हायड्रॉलिक किंवा इलेक्ट्रिक पायांवर हलणारी अख्खी कॉकपिट, तिच्याशी आपली तुलनाच नको.

लॉकहीड मार्टिनचं प्रीपेअर्ड (Prepar3D) हे सिम पण मायक्रोसॉफ्टच्याच जुन्या सिमवरून पुढे वाढवलेलं आहे आणि त्याच्या लायसन्समध्ये चक्क लिहिलंय की हे करमणुकीसाठी नाही. घ्यायच्या आधी ते लायसन्स वाचा, कोणी वाचत नाही म्हणून सांगतोय.

मग घरी काय घ्यायचं? खिडकीतून जग बघत फिरायचं असेल तर मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर, पण ते सॅटेलाइट फोटो चालू असतानाच नेटवरून ओढतं, नेट रडकं असेल तर मजा जाते. हाताला विमान कळायला हवं असेल तर एक्स-प्लेन १२, त्याचा डेमो फुकट आहे, तो आधी आपल्या मशीनवर चालवून बघा. खिसा रिकामा असेल तर फ्लाइटगिअर, ओपन सोर्स, पूर्ण फुकट, दिसायला जरा साधं. फायटर जेटसाठी डीसीएस वर्ल्ड, त्यात सुखोई २५टी फुकट मिळतं. एअरबसच्या प्रोसिजर शिकायच्या असतील तर मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये फ्लायबायवायरचं ए३२० टाका, तेही फुकट आणि कितीतरी विकतच्या विमानांपेक्षा सरस, असं माझं मत.

वाचलेले पैसे जॉयस्टिक आणि रडर पेडलवर (नाक डावी-उजवीकडे वळवायची पायातली पेडलं) घाला. ग्राफिक कार्डच्या मागे नंतर लागा.

सेटिंग करताना ढग, सावल्या, ट्रॅफिक हे आधी कमी करा आणि फ्रेम ३० वर लॉक करा, कारण मधेच ६० मधेच २० असं झालं की लँडिंगला हात चुकतोच. जॉयस्टिक हलत नसताना विमान एका बाजूला कलत असेल तर डेड झोन (स्टिकच्या मधोमध जिथली हालचाल धरली जात नाही तो भाग) थोडा वाढवा, पण थोडाच, नाहीतर स्टिक हलवूनही विमान ढिम्म.

आता ट्रिम, म्हणजे योक सतत धरून न ठेवता विमान सरळ राहावं म्हणून फिरवायचं चाक. इथे घरी शिकणारे हमखास अडकतात. सेसना १७२ घ्या, ३००० फुटांवर या, पॉवर २३०० आरपीएमवर ठेवा आणि नाक क्षितिजाच्या जरा खाली धरून स्पीड स्थिर होऊ द्या. खऱ्या विमानात ट्रिमचं चाक फिरवलं की योकवरचा जोर कमी होत जातो आणि योक आहे तिथेच राहतो. घरच्या स्प्रिंगवाल्या जॉयस्टिकला ते कळत नाही, तिला कायम मधेच यायचं असतं. म्हणून ट्रिम थोडं द्यायचं, त्याच वेळी हात थोडा सैल सोडायचा, परत थोडं ट्रिम, परत थोडा हात, असं करत स्टिक मधे आली आणि हात काढला तरी उंची टिकली की झालं. स्टिक दाबून धरून नुसतंच ट्रिम देत राहिलात तर नाक ट्रिमच्या दिशेने सरकत जाईल. फोर्स फीडबॅकवाला (आतल्या मोटरने खरा जोर देणारा) योक असेल तर ही कटकट नाही.

हे जमलं की व्हॅटसिम या ऑनलाइन नेटवर्कवर जा, तिथे समोर खरी माणसं एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) करतात आणि पैसे लागत नाहीत. सुरुवातीला नुसतं ऐका, मग बोला.

आणि पुढेमागे खरं लायसन्स काढायचा विचार असेल तर पॅनल लपवून, बाहेर बघत सर्किट (टेकऑफ करून धावपट्टीभोवती फेरी मारून परत उतरणं) मारायची सवय आत्ताच लावा. सिमवरून आलेली पोरं खिडकीऐवजी मीटरकडेच बघत बसतात ही इन्स्ट्रक्टर लोकांची नेहमीची तक्रार आहे, आणि मोडताना ती सवय फार त्रास देते.